दार ते तुळस

नरकासुराच्या रात्री, चारच्या सुमाराला,
पोरांनी स्पीकर छाती फुटेल एवढा सोडला
आणि उंडो कुंपणावरून पलीकडे पडला.
अठ्ठेचाळीस किलोंचा कुत्रा.
आणला तेव्हा पोदेराच्या टोपलीतल्या पावाएवढा होता,
म्हणून उंडो.
सकाळी तीन पायांवर उभा.
मागचा उजवा नुसता बोट टेकून,
कुणाचा तरी उसना आणल्यासारखा.

फोंड्याच्या डॉक्टरीणबाईंनी गुडघा धरला,
खालचं हाड पुढे ओढून दाखवलं
टेबलाचा ड्रॉवर उघडावा तसं.
आतली दोरी तुटलीय, म्हणाल्या.
वय दहा, काळजात घरघर,
भूल दिली तर उठेलच असं नाही.
दिप्तेश स्विंडनहून म्हणाला, पैसे पाठवतो, ऑपरेशन करा.
पैशांचं नाही रे.
मग कशाचं?
लाईन कट झाली. किंवा मीच केली.

बारा आठवडे.
उडी नाही, पायरी नाही, मांजर नाही.
फरशीभर गोणपाट, त्यावर पाहुण्यांच्या चादरी,
शालनने दिल्या, पण बोलत बोलत.
कायतानने जुन्या दाराचा उतार करून दिला,
कडीसकट.
आणि उंडे बंद.
जुझेचा भोंपू वाजला की उंडो माझ्याकडे बघायचा,
मी पेपराकडे.

एकतीस वर्षं कदंबात तिकिटं फाडली,
पणजी–फोंडा, माशेलमार्गे.
मला अंतर कळतं ते स्टेजांतच.
पहिला पंधरवडा: दार ते तुळस.
पोटाखाली टॉवेलाची झोळी,
माझ्या दुसऱ्या हातात जुना पंच.
फाटकावर दोनदा टक टक: चल.
एकदा टक: थांब.
तिसऱ्या दिवशी त्याला समजलं.
उतारूंना कधी समजलं नव्हतं.

दर आयतवारी मांडीला शिंप्याची टेप.
डावी त्रेचाळीस, उजवी छत्तीस.
जुन्या वेबिलाच्या पाठीवर लिहायचो,
आणि पुढे, सवयीने: अर्धे तिकीट.
बागायतदारात सुपारीच्या काट्यावर चढवला,
मापारी म्हणाला, ओला माल आहे, दोन किलो कापू?
पंचेचाळीस. मग त्रेचाळीस.

पोहवा म्हणाल्या होत्या, पण कुंभारजुव्याच्या खाडीत मगरी,
म्हणून कुळागरातली तळी.
तो छातीभर पाण्यात, मी मांडीभर,
दोघे पोफळीखालून काठाकाठाने.
पाण्यात त्याचं वजन कुठे जायचं कोण जाणे,
चारही पाय पडायचे,
तळाचा गाळ चार ठिकाणी उठायचा.
मी मोजायचो.

सातव्या आठवड्यात मांजर आलं.
परत तीन पाय.
शालन दोन दिवस बोलली नाही, मग म्हणाली,
गाडी डेपोत घ्या, पहिल्यापासून सोडा.
दार ते तुळस.

काजूला मोहोर आला तेव्हा
बाईंनी पुन्हा ड्रॉवर ओढून पाहिला.
पावसात फुगलेल्या लाकडासारखा जरा हलला, अडकला.
आतल्या बाजूला जाड वळ आलाय, तोच धरतोय आता.
मग त्यांनी डावाही दाबून पाहिला, बराच वेळ.
हे कधी कधी जोडीनं जातं, लक्ष ठेवा.
किती दिवस, विचारलं मी.
त्या हात धूत होत्या.

आता मोरीपर्यंत जातो आम्ही. सहा स्टेजा.
गार पहाटे उजवा अजून मागे राहतो,
गाडी हलल्यावर चढणाऱ्या माणसासारखा.
काल दिप्तेश फोनवर: बाबा, चालवून दाखवा ना.
दोनदा टक टक केलं.
ढिम्म.
पुन्हा केलं. त्याने कान हलवला फक्त.
मग वळणावर भोंपू,
आणि तो उठला, कडीवरून, उतारावरून,
खाली, फाटकाशी, चारही,
मी पंच हातात धरून मागे.

जुझेने सायकल टेकवली. टोपलीवरचा कपडा सारला.
उंडोकडे बघितलं, मग माझ्याकडे.
अर्धो?

नाही, म्हटलं. पाव.