जेवणानंतर दोन तासांनी

दोनशे शहाऐंशी.
चिठ्ठीवर आकडा, पुढे लाल फुली,
आणि हत्तरकी मॅडमनी चष्म्यावरून विचारलं,
'सकाळपासून काय काय पोटात गेलं? खरं सांगा.'

खरं म्हणजे काहीच नाही हो.
सहाला चहा, दोन खारी.
आठला कारखान्यात चहा, पाव.
दहाला परत कटिंग, कारण जकार्डची दोरी तुटली होती
आणि ती जोडेपर्यंत मालक बोलत होता.
एकला डबा.
डबा म्हणजे भात. आमच्यात जेवण म्हणजे भातच.
आजा तेलंगणातून सोलापुरात आला
तेव्हा धोट्यासोबत ही सवय पण गठुड्यात बांधून आणली.
वर पुलुसु, खाली भात, मधे भात.

मॅडम लिहीत गेल्या. मग म्हणाल्या,
'म्हणजे दिवसभर साखरच खाल्लीत की.'
मी म्हटलं, गोड तर मी तोंडालाही लावत नाही.

पस्तीस वर्षं माग दुरुस्त करतो मी.
डोळे मिटून सांगतो कुठल्या मागाचा धोटा वाकडा पळतोय.
पण हे कधी ऐकू आलं नाही,
की हा मऊ पांढरा घास
आत जाऊन सूत होतो, बारीक, गोड,
आणि रक्तात एकदम इतकं सुटतं
की ते ओढून घेणारा हातच थकतो.
कांड्या भरलेल्या, माग उपाशी.

म्हणूनच तीनच्या सुमाराला
एवढ्या खडखडाटात डोळा लागायचा.
बसप्पा ओरडायचा, 'काय बे अंबादास, झोपलालास का?'
टॉवेलात दोन बोटं जागा बाण्याविना राहायची.
तो नग बाजूला. सेकंड माल.
आत किती सेकंड माल साठलाय
कुणी मोजला?
मागल्या महिन्यात पायात खिळा घुसला.
चप्पल ओली लागली म्हणून बघितलं.
दुखलं नव्हतं.

शेजारच्या कलावती बिराजदार कडक भाकरी करून विकतात,
मोडताना कट्ट वाजणारी.
त्यांना सांगितलं तर हसल्या.
'आता आलास होय ज्वारीकडं?
आमच्यात गव्हाची पोळी म्हणजे सण,
पाहुणा गेला की परत भाकरी, परत चटणी.
आता रेशनला तांदूळ फुकट,
आणि मालदांडीचा भाव विचारला
तर दुकानदार आधी आपली चप्पल बघतो.'

मग मी शहाणा झालो.
भात बंद. चार-चार भाकऱ्या हाणल्या,
शेंगाचटणी, दही, वर कांदा फोडून.
आता साखरेची काय बिशाद!
पंधरा दिवसांनी दोनशे अकरा.
'ज्वारी म्हणजे देव नाही,' मॅडम म्हणाल्या,
'ते पण पिष्टच. सावकाश उतरतं, एवढंच.
डोंगर खाल्लात तर सावकाश का होईना, डोंगरच उतरणार.'

तर आता दीड भाकरी.
आधी काकडी, मग डाळ, मेथी, मग भाकरी.
रविवारी एक मूठ भात, आज्यासाठी म्हणून.
रात्री विडी घरकुलाच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन परत,
कुत्री पण ओळखायला लागलीत.
तीन वाजता जागा असतो.
पाय अजून तसाच, अर्धा माझा.

माझ्या वाटचा भात
नागमणी संपवते. टाकवत नाही तिला.
सकाळपासून मांडीवर सूप, हजार विड्यांचा हिशेब,
उठते ती फक्त पाणी प्यायला.
हल्ली फार पाणी पिते.

काल लेकीनं दिलेलं मशीन काढलं.
जेवणानंतर दोन तास झाले होते.
ती म्हणाली, 'मला काय धाड भरलीय?'
तरी हात पुढं केला.

तंबाखूनं पिवळी पडलेली बोटं,
पानं वळून वळून घट्ट झालेली.
एकेक दाबून बघत होतो,
सुई कुठं टोचावी
ते सापडेना.