शंभरपैकी

वाचनालयाच्या शिपायानं संग्रह आणून दिला
कापडी पिशवीतून, सोबत गुणतक्ता:
रेखाटन तीस, कथा तीस, संवाद वीस,
नावीन्य वीस, आणि खाली माझ्या सहीची रेघ.
नऊ खलनायक, नऊ चित्रकार, एकशे बारा पानं.
मी जन्मभर एलिमेंटरीच्या पेपरांत
तांब्या, केळी आणि दोरीवरचे टॉवेल तपासलेला माणूस.
राक्षसांतलं मला काय कळतं?

तरी बसलो. खणभागातली दुपार,
खाली गिरणीत हळद दळायला लागलेली,
पान उलटलं की कोपऱ्यावर पिवळं बोट उमटायचं.

पहिला कर्दनकाळ. पोलादी जबडा.
हसतो. चार पानं नुसता हसतो,
हाहाहा एवढ्या थोरल्या अक्षरांत
की जे शहर तो जाळणार आहे ते दिसतच नाही.
मी शेरा लिहिला: शहर काढायचा कंटाळा केला आहे.

दुसऱ्याच्या डाव्या हाताला नवव्या पानावर सहा बोटं,
दहाव्यावर पाच.
मला वाटलं, हीच गोष्ट असणार.
कुठं गेलं बोट? कुणी नेलं?
शेवटच्या चौकटीपर्यंत आशेनं वाचत गेलो.
चूकच होती.

तिसरा वाईट का झाला, तर शाळेत सगळे चिडवायचे.
पाचवाही त्याचमुळं. सातवाही.
अरे, मला वर्गात पोरं 'खडू' म्हणायची,
मी कुठं धरण फोडलं?

चौथी गोष्ट निलोफर शिकलगार, मिरज. आठच पानं.
झगा नाही, मुखवटा नाही, शस्त्र म्हणजे एक होडी.
पुरात गच्चीगच्चीवरून माणसं उतरवून घेणारा
आणि हात पुढं करायच्या आधी भाव सांगणारा.
शेवटच्या चौकटीत तो पाठमोरा,
बनियन ओला,
दोरीवर चिमटे लावून नोटा वाळत घालतोय.

त्या नोटांना पडलेल्या चुण्या!
तीस वर्षं पोरांच्या मागं उभा राहून सांगत आलो,
टॉवेलचं वजन दिसू दे, ओलेपण दिसू दे.
एकालाही जमलं नव्हतं.
हिला कुणी शिकवलं?

'पुर' मात्र सगळीकडं ऱ्हस्व.
अर्धा गुण कापायला पेन टेकवलं
आणि खालच्या कुंभोजकरांची सून आठवली,
जिन्यात, रिकामी कळशी कडेवर,
तिच्यामागं तीन पायऱ्या सोडून पाणीच पाणी, गढूळ.
मी म्हणालो होतो, संपलं हो, थेंब नाही.
गच्चीवरची टाकी निम्मी होती.
ती काही बोलली नाही. कळशी दुसऱ्या कडेवर घेतली.
आजही रस्त्यात भेटली तर विचारते,
तब्येत कशी आहे, गुरुजी?

पेन उचललं.

सहाव्यात, आठव्यात सांगण्यासारखं काही नाही,
आठव्याचा तांबडा रंग ओठाबाहेर सरकलाय
तो छपाईवाल्याचा दोष.
नववी गोष्ट 'क्रमशः'.
क्रमशः लिहिणाऱ्यांचा मला जुना राग आहे,
पण पोराचा ब्रश सफाईदार.

बेरीज केली. सरासरी एकेचाळीस.
काठावर पास असा हा संग्रह,
आणि त्यातली आठ पानं
कुठल्याच रकान्यात नीट बसत नाहीत.
नावीन्यापुढं तिची जागा मी अजून कोरी ठेवलीय.
नवीन काय आहे त्यात?

दिवेलागणीला शिपाई आला. झालं का?
म्हटलं, उद्या या. भडंग खाता का मूठभर?
तो गेल्यावर कर्दनकाळाचे दोन गुण वाढवले,
निदान उघड्यावर हसतो बिचारा.
मग एक परत कापला.
शहर काढायलाच हवं होतं.