चार जीबीच्या खाली

डिचोलीच्या खाणीवरचा वजनकाटा
अजून बत्तीस बिटांतच मोजतो.
त्याचं मशीन कधीच भंगारात गेलं,
प्रणाली तेवढी माझ्या सर्व्हरवर पाहुणी.

नव्या कार्डाची मेमरी मी ऐसपैस मांडली,
वर, चार जीबीच्या पलीकडे.
सकाळी द्रौपदी गावस यांचा फोन:
"काटो दिसना गो पडद्यार."

दिसणार कसा?
म्हातारीच्या बोटांवर
एवढे आकडेच नाहीत.

मग रॅमचा एक तुकडा उचलून वर नेला,
खाली पोकळी ठेवली,
तिथे कार्ड बसवलं, अंग चोरून.
चढता येतं त्यांनी जावं माडीवर.

लाल धुळीचा ट्रक काट्यावर आला.
सोळा टन, ऐंशी किलो.
द्रौपदीबाईंनी आकडा वहीतही लिहिला,
पेनाने.