अर्धी बादली

साहेब, लिहून घ्या:
पाणी फक्त अर्धी बादली होतं.
मे महिना. नळाला तीन दिवस धार नव्हती,
स्टेशनच्या माठातलंसुद्धा मोजून मिळायचं.
विहिरीच्या तळातून खरवडलेलं ते पाणी
मीच घरून नेलं, सायकलच्या हँडलला अडकवून,
सिव्हिल लाइन्सपर्यंत हिंदकळत.

बाकी सामान: जस्ती पत्रा एक, सुपात वाटाणे,
घंगाळ, जुनं गोणपाट, आणि माझं तोंड
माइकपासून चार बोटांवर.
बांध फुटतो तो असा, साहेब.
आधी काहीच होत नाही.
मग ओलं गोणपाट पिळायचं, हळू,
माती सुटते तसा आवाज येतो.
मग वाटाणे. मग पत्रा.
पाणी सगळ्यात शेवटी, अगदी थोडं,
बादलीतून घंगाळात, घंगाळातून बादलीत.

नाटकातल्या तलावाला नाव नव्हतं.
खानझोडे मास्तरांनी मुद्दाम टाळलं,
पुढं भानगड नको म्हणून.
नाव ज्यानं त्यानं आपापल्या घरी दिलं.
धरमपेठेत अंबाझरी फुटला,
महालात शुक्रवारी,
तांडापेठेत नाईक तलाव,
ज्याच्या कोरड्या तळाशी पोरं
त्याच संध्याकाळी विटीदांडू खेळून आली होती.

नाटक आहे, हे सुरुवातीला सांगितलं होतं.
पण पानठेल्यावर सुरुवात कोण ऐकतो?

दमडू पराते मागावरून उठला,
अर्धं लुगडं कैचीनं कापून गळ्यात घातलं
आणि सीताबर्डीच्या टेकडीकडे सुटला.
इतवारीत एका सराफानं दुकान उघडं टाकलं,
कुलूप मात्र हातात घेऊन पळाला.
कोणी रेडिओच उचलला, तारेसकट उपटून.
मुका झालेला तो डबा
टेकडीपर्यंत ऐकू येत होता म्हणे.

"पाणी कुठवर आलं बे?"
"कॉटन मार्केटात शिरलं!"
"कोणं पाह्यलं?"
"मागचा सांगून राह्यला."
मागचा म्हणत होता, पुढचा सांगून राह्यला.

बिडी वळणाऱ्या रुखमाबाईंचा पाय मोडला चेंगराचेंगरीत.
तो माझ्या नावावर टाका.

माझी बायको टेकडीच्या पायथ्याशी सापडली,
रात्री दीडला, काखेत रिकामी घागर.
म्हटलं, सुगंधा, तुला तर ठाऊक होतं.
सकाळी तूच गाळून दिलं ते पाणी.
"ओळखलं ना मी. मधात आपल्याच बादलीची कडी वाजली."
"मंग पळाली काऊन?"
"सगळेच पळून राह्यले होते."
जरा वेळानं, घागर दुसऱ्या काखेत घेत:
"अन् खरंच आलं असतं, त भरून घेतली असती."

तुम्ही विचारता, आवाज एवढा खरा कशाला काढायचा?
साहेब, वीस वर्षं मी दारं वाजवतो, घोडे पळवतो,
भाकरी थापतो, तिरडी उचलतो.
कोणी एक पोस्टकार्ड टाकलं नाही.
त्या रात्री स्टुडिओतून बाहेर आलो
तर रस्त्यावर चपला. हजारो चपला, डांबरावर,
काही तुटलेल्या, काही एकाच पायातल्या.
लाज वाटली. भीतीही.
आणि चालता चालता हेही आलं मनात
की हा आवाज कशानं काढता येईल?
अजून जमलेला नाही.

मग तुम्ही म्हणालात, करून दाखवा.
पंखा बंद केला. दार लावलं.
गोणपाट. वाटाणे. पत्रा.
पाणी ओतलं,
आणि टायपिस्ट घाटोळेबाईंनी
पाय उचलून खुर्चीच्या दांड्यावर घेतले.
तुम्हीही, साहेब.
ते लिहू नका.

संपल्यावर शिपायानं बादली उचलली.
एवढं पाणी फेकवेना त्याला,
मागं जाऊन कूलरमध्ये ओतलं.
वाळ्याचा वास आला.
आपण तिघं अजून पाय वरच घेऊन बसलो होतो.