छपराची बाजू

शब्दाला दोन रुपये, इंग्रजीतून मराठीत.
फोर्टातल्या गॅलरीच्या भिंतीवर लावायचा मजकूर,
उद्घाटन शुक्रवारी, आणि पहिल्याच वाक्यात
तो शब्द, जो मराठीत आला की दुभंगतो.
अस्मिता लिहावं तर मागून घोषणा ऐकू येते,
दुकानाची काच फुटते.
ओळख लिहावं तर दारातच कुणीतरी विचारतं,
कुणाच्या ओळखीनं आलात?

यशोधरा ढेंगळेनं मानखुर्दमधून छपरं गोळा केली.
नवी ताडपत्री द्यायची, जुना फ्लेक्स घ्यायचा.
वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, निवडीबद्दल अभिनंदन,
भावपूर्ण श्रद्धांजली,
शुभेच्छुक समस्त मित्र परिवार.
वरून ऊन, खालून स्टोव्हची काजळी.
मग ब्लेड घेऊन तिनं एकेक चेहरा खरवडला.
उरले जोडलेले हात,
मनगटावर घड्याळ, गंडा, जाड कडं,
आणि वर, जिथं माणूस असतो, तिथं पांढरं.

मालकीणबाई म्हणतात, ती कुठली, कोण, ते आधी घ्या,
बाहेरच्या लोकांना कळायला हवं कोण बोलतंय.
यशोधरा म्हणते, आधी माप लिहा.
मग किती पावसाळे काढले ते.
मला कुणी काही विचारत नाही.
माझं आडनाव माझ्या आधीच आत जाऊन बसलेलं असतं,
त्याला कुणीतरी चहासुद्धा दिलेला असतो.

बुधवारी ठाण्यातून दोघे आले. तक्रार होती म्हणे.
साहेब हाताची घडी घालून बराच वेळ उभे.
हे कोण?
कुणी नाही.
मग हे?
चेहराच नाही, साहेब.
"ही अंगठी बघितलीय कुठंतरी," ते म्हणाले
आणि हवालदाराकडे पाहिलं. हवालदारानं पंख्याकडे.
काय लिहायचं यावर दोघंही अडले,
मी तीन दिवस अडले होते तसेच.
मग साहेबांनी सांगितलं आणि हवालदारानं लिहिलं:
ओळख पटली नाही.
किती सहज लिहिलं.

गुरुवारी संध्याकाळी तिची आई आली, कौसल्याबाई,
चपला हातात, एसीनं अंग चोरलेलं.
भिंतीवरच्या सगळ्यात मोठ्या तुकड्यासमोर थांबली,
डांबर लावलेल्या ठिगळावर बोट ठेवलं.
"इथं डोळा होता त्याचा. उजवा.
त्यातनंच गळायचं. खाली पातेलं ठेवायचो."
यशोधरा हसली. "आठवीपर्यंत मला वाटायचं, हा आपला मामा."
"पण हे उभं का लावलंय?" आई म्हणाली.
"छपराला काय असं तोंडासमोर धरून बघतात?"

रात्री अकराला शिडी आणली. दोरखंड, हुक,
नालासोपाऱ्याची दोन पोरं, त्यांना शेवटची गाडी गाठायची होती.
मालकीणबाई फोनवर कुणाला तरी "विम्याचं काय" म्हणत होत्या.
छप्पर छताला गेलं.
कौसल्याबाई खाली त्या गार फरशीवर आडव्या झाल्या,
सवयीनं डाव्या कुशीला सरकून,
पातेल्याची जागा मोकळी सोडून.

शुक्रवारी माना वर करून सगळे फिरले. ग्लास सांभाळत.
भिंतीवर इंग्रजी मजकूर होता तसाच,
तो शब्द पहिल्या ओळीत.
त्याखाली माझा मराठी, एवढाच:
फ्लेक्स, काजळी, डांबर. वीस फूट बाय दहा. सात पावसाळे.
बिलाचं अजून बोलणं चाललंय.

रविवारी दुपारी तो हवालदार आला, साध्या कपड्यांत,
सोबत चष्मेवाली मुलगी.
मजकूर मुलीनं वाचला, दोन्ही.
तो अंगठीखाली उभा राहिला, मग ठिगळाखाली,
मग माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं,
ते ताडपत्री द्यायचं
अजून चालू आहे का.