दोन अक्षरांची जागा

दौलतगंजात, गजकवाल्याच्या शेजारी माझं दुकान.
छिन्न्या, पाण्याची बादली,
भिंतीला टेकलेले मकराण्याचे तुकडे.
वडील देवळांच्या पायऱ्यांवर नावं कोरत,
मी कोनशिला.

गजाधर नरवरिया पहिल्यांदा मुख्यमंत्री झाले
तेव्हा मे महिना होता, दगड हाताला चटके देई.
खाट हे चिन्ह, एकेचाळीस आमदार घरचे,
बाकीचे उसने.
अकरा महिन्यांत त्रेसष्ट शिला गेल्या माझ्याकडून:
पूल, पाणपोया, मोरारला दवाखाना,
आणि एक विमानतळ,
जिथं आजही मोहरी पिकते.

त्याच मे महिन्यात त्यांची बायको आली, रामकलीबाई,
डोक्यावरून पदर, हातात मापाची दोरी.
घराच्या फाटकावर पाटी हवी होती.
म्हणाल्या, "मुख्यमंत्रीच्या आधी थोडी जगह छोड़ना, भैया."
मी मनात हसलो.
कोऱ्या दगडाचे पैसे कोण देतं?
त्यांनी दिले.

आपण माजी म्हणतो, इकडे पूर्व म्हणतात.
दोन्हींना दोनच अक्षरं लागतात.

उसन्यांनी एका रात्रीत पत्र फिरवलं.
ट्रक माझ्या दारात तीन शिला उतरवून गेला,
न लावलेल्या, पैसे न दिलेल्या.
आणि पाटी आली. मी 'पूर्व' कोरलं.
जागा अगदी बेतशीर होती.

दुसऱ्या वेळी सतरा दिवस.
मोर्चाचे आमदार ओरछ्याच्या हॉटेलात पत्ते खेळत होते,
मोजून आणले, मोजून बसवले,
तरी एक जण विधानसभेच्या पायऱ्यांवर
छातीत कळ येऊन खाली बसला.
तिसऱ्या दिवशी नव्या मंत्रिमंडळात
ठणठणीत उभा राहून शपथ घेत होता.
सरकार एका मताने गेलं.
माझ्या पाटावरच्या शिलेवर तेव्हा
तारखेतला महिना कोरून व्हायचा होता.
मी ती उलटवली, मागच्या बाजूला नव्या साहेबांचं नाव घातलं.
दगडाला दोन बाजू असतात, वडिलांनी शिकवलं होतं.

त्या सतरा दिवसांत 'पूर्व' बुजवलं होतं,
संगमरवराची भुकटी, पांढरं सिमेंट.
अठराव्या दिवशी पुन्हा उकरलं.

मग हातपंपांचा खटला, चार महिने तुरुंग.
लोक म्हणत, खाल्लं असेल;
लोक म्हणत, पण आमच्या गावात पाणी आलं.
गजकवाला दर मंगळवारी डबा पाठवी
आणि मतही.

तिसऱ्यांदा कुणाचं उसनं लागलं नाही.
फाटकाशी ढोल, मी भुकटी घेऊन शिडीवर,
खाली गर्दी ओरडत होती,
रामकलीबाई तेवढ्या वर बघत होत्या.
तीन वर्षं आणि थोडे दिवस.
नंतर पुतण्या शत्रुजित पक्ष घेऊन गेला, खाट घेऊन गेला,
तीच खाट, जिच्यावर बसून
त्याने बारा वर्षं काकांचे पाय चेपले.
आयोगाने म्हाताऱ्याला शिट्टी दिली.
सभांमध्ये पोरं ती वाजवत
आणि भाषण ऐकू येत नसे.

या डिसेंबरात, धुक्यात, एक रिक्षा थांबली.
ते एकटेच उतरले, पाटी शालीत गुंडाळलेली,
रिक्षावाल्याशी सुट्ट्यावरून थोडं वाजलं.
त्याने ओळखलं नव्हतं.

मी ठिसूळ सिमेंट नखाने काढलं.
त्यांनी खळग्यात बोट घातलं,
पहिलं पेर बुडलं.
"पूर्व म्हणजे उगवतीही," म्हणाले,
सभेत म्हणतात तसं,
मग समोर सभा नाही हे ध्यानात येऊन गप्प झाले.

मी सांगितलं, साहेब, आणखी एकदा खोदलं
तर आरपार जाईल.
"जाऊ दे," म्हणाले. "भिंत दिसेल."

गजकवाल्याने चहा पाठवला, दोन ग्लास.
मी अक्षरं कोरत होतो,
ते बाकावर बसून माझ्या बाकीची वही चाळत होते.
एका पानावर थांबले.
"हे तीन दगड कुठले?"

मी म्हणालो, एकाची पायरी केली,
आत्ता चढलात ती.