बायकांच्या हॉलमध्ये

सोहारला हॉलच्या दारातच सगळ्यांचे फोन काढून घेतात,
नंबर लावलेल्या पिशव्यांत घालून टेबलाखाली ठेवतात.
आत कॅमेरा एकच. माझा.
पाचशे बायकांत डोळा मिटायची मुभा नसलेली
मी एकटी.

करार साधा आहे: पहाटे दोन्ही कार्डं
नवरीच्या आईच्या हातात.
कॉपी नाही. एकही नाही.
म्हणून माझ्या नमुन्यांच्या अल्बमात चेहरे नसतात;
मेंदीचे हात, चपला, केक,
एकदा तर नुसती धुपाटण्यातली राख.
नवीन गिऱ्हाईक पानं उलटतं आणि विचारतं,
तुम्हाला माणसं काढता येतात ना?

येतात, बाई.
शम्साच्या लग्नात पावणेअकराला
नवरदेव आला, आला, म्हणून ओरड झाली
आणि सगळा झगमगाट
काळ्या अबायांत गुडुप.
मी लेन्स खाली केली, शीबाने दिवे भिंतीकडे वळवले,
तेव्हा कुठे कळलं, पोटऱ्यांत गोळे आलेत.

नवरी हिरव्यात होती.
मला आमच्या इस्लामपूरचा कासार आठवला.
चुडा भरताना म्हणायचा,
मूठ सोड पोरी, हाडं लोण्याची कर.
तेच मी मोडक्या अरबीत सांगितलं तिला.
हसली. खांदे उतरले.
तो फोटो चांगला आला असणार.
असणार म्हणते, कारण मागच्या छोट्या पडद्यावर
पाहिला तेवढाच.

नंतर, हात धुवायच्या बोळात, मोझा खालाने गाठलं.
शम्साला वाढवलेली मावशी, सत्तरीची.
म्हणाली, माझा एक काढ. हा न घालता.
आणि डोक्यामागची दोरी सोडून
तिने बतूला उतरवला.
नाकावर, गालांवर निळीचा डाग,
पन्नास वर्षांचा, साबणाला न जुमानणारा.
वर ट्यूबलाइट. वाईट उजेड.
फ्लॅश न लावता मी तीनदा बटण दाबलं.
मध्येच ती काहीतरी बोलली.

पहाटे कार्डं दिली. हलव्याचा डबा मिळाला,
पाकीट मिळालं, ठरल्यापेक्षा जाड,
उदाचा वास केसांत आठवडाभर राहिला.
मुलगा म्हणाला, दाखव ना, आई.
मी त्याला हलवा दिला.

दोन वर्षांनी शम्साचा मेसेज.
खाला गेली. तो फोटो आहे आमच्याकडे,
भिंतीवर नाही, कपाटात, कपड्यांच्या घडीत.
तिचं तोंड किंचित उघडं आहे त्यात.
काय म्हणत होती?

म्हणजे एवढं माझ्याकडे राहून गेलं होतं,
कुणी परत मागितलं नव्हतं.

लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं:
म्हणाली, आटप लवकर,
एसीत गाल गार पडतायत,
सवय नाही त्यांना.